ऑपरेशनची तारीख ठरली, हाडांची तयारी झाली का?

चारोटी, कासा, तलासरी या पट्ट्यात आई-वडिलांच्या गुडघ्याचे किंवा मणक्याचे ऑपरेशन करायचे म्हटले की घरात मोठी मसलत होते. कोणी धुंदलवाडीच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखवते, कोणी वापी किंवा मुंबई गाठते. पैसे, गाडी, सोबत कोण राहणार, रमजानआधी की ईदनंतर, हे सारे ठरते. पण ज्या हाडात डॉक्टर स्क्रू बसवणार ते हाड किती मजबूत आहे, हे आपण बहुधा विचारत नाही.

भुसभुशीत भिंतीत खिळा ठोकला तर तो हलतो. ठिसूळ हाडातल्या स्क्रूचेही तसेच होऊ शकते. हाडे ठिसूळ होताना दुखत नाहीत, म्हणून बहुतेकदा मोडल्यावरच कळते. पाळी थांबलेल्या भगिनी, घरातल्या घरात पडूनही हाड मोडलेले, दम्यासाठी किंवा संधिवातासाठी दीर्घकाळ स्टेरॉईडच्या गोळ्या घेणारे, अशांनी डॉक्टरांना ‘डेक्सा’ तपासणीविषयी जरूर विचारावे. तिच्यात टी-स्कोअर उणे 2.5 किंवा त्याहून खाली आला तर हाडे ठिसूळ झाली आहेत असे मानतात. त्यावर औषधे आहेत. मात्र त्यांना वेळ द्यावा लागतो. ऑपरेशन लांबचे असेल तर तो वेळ आपल्या हातात असतो.

रक्तातले ‘ड’ जीवनसत्त्वही तपासून घ्यावे. आपल्याकडे ऊन भरपूर, पण सावलीत आणि पूर्ण कपड्यांत वावरणाऱ्या भगिनींच्या अंगाला ते लागत नाही. घराच्या आडोशाच्या अंगणात किंवा गच्चीवर दुपारच्या सुमारास हात-पाय उघडे ठेवून पंधरा-वीस मिनिटे बसावे. बंद काचेआडचे ऊन कामाचे नाही. 60,000 युनिटची गोळी सहसा आठवड्यातून एकदा असते. ती रोज किंवा मनाने महिनोन्महिने घेतल्यास अपाय होतो.

प्रौढांना दिवसाला सुमारे 1,000 मिलिग्रॅम कॅल्शियम लागते, पाळी थांबल्यावर 1,200. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास मिळते. म्हणजे आपल्या भागातली नाचणीची भाकरी, तीळ, दूध-दही आणि डहाणूच्या बाजारातली काट्यासकट खाता येणारी सुकी मासळी ही स्वस्त दवाच आहे. रक्तदाब असेल तर मासळीचे मीठ धुऊन काढावे. अंडी, डाळ, मांस यांतले प्रथिनही हवे. कॅल्शियमची गोळी लोहाच्या किंवा थायरॉईडच्या गोळीसोबत घेऊ नये. रोजे चालू असतील तर सहरी-इफ्तारच्या वेळा डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्यात.

बिडी, तंबाखू, मिश्री निदान महिनाभर आधी बंद करावी. निकोटिनमुळे हाड उशिरा भरते. साखर आटोक्यात आणावी, नाहीतर जखम चिघळू शकते. मांड्यांचे व्यायाम आधीपासून केले तर नंतर उठणे-बसणे सोपे जाते.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवावी. पडून खुब्याचे हाड मोडले असेल तर हाडे मजबूत करण्यासाठी थांबू नये. असे ऑपरेशन शक्यतो एक-दोन दिवसांत व्हावे. हाडांची तपासणी आणि औषधे त्यानंतर सुरू करावीत. रॉड बसला म्हणजे उपचार संपले, असे समजून अनेक घरे इथेच थांबतात आणि पुढे दुसरे हाड मोडते.

अम्मीला पुढच्या वेळी दवाखान्यात न्याल तेव्हा एवढेच विचारा: “डॉक्टरसाहेब, ऑपरेशनआधी हिची हाडे तपासायची का?”