रोग परवडला, रखवालदार आवर!

नाव कॉम्प्लिमेंट, पण कौतुकाशी संबंध शून्य. रक्तात फिरणाऱ्या तीसहून जास्त प्रथिनांची ही रखवालदार टोळी. मराठी पुस्तकांत तिला ‘पूरक प्रथिने’ म्हणतात. बहुतेकांचा जन्म यकृतातला.

टोळीचा सुगावा लागला तो गरम केल्यामुळे. 1895च्या सुमारास पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये ज्यूल बोर्दे या बेल्जियन तरुणाने कॉलऱ्याचे जंतू मारणारं सीरम 55 अंशांना तापवलं. मारामारी बंद! मग लस न टोचलेल्या प्राण्याचं थोडं ताजं सीरम त्यात घातलं, की पुन्हा सुरू. म्हणजे अँटिबॉडी उष्णतेत तगल्या होत्या, गळपटला होता तो त्यांचा साथीदार, म्हणजे ही टोळी. बोर्देंना 1919चं नोबेल मिळालं.

या प्रथिनांच्या कामाचा क्रम बघा: सी-1, मग सी-4, मग सी-2, मग सी-3. नंबर शोध लागेल तसे दिले आणि ते तसेच चिकटले. मेडिकलची पोरं आजही त्यांच्या नावाने बोटं मोडतात.

सी-5 पासून मात्र गाडी सरळ. त्याचे दोन तुकडे होतात. मोठा तुकडा सी-6 ते सी-9 यांना गोळा करून जंतूच्या आवरणाला भोक पाडतो. धाकटा, सी-5ए, नुसता बोंब ठोकतो आणि पांढऱ्या पेशींची फौज बोलावतो.

नागाला ही टोळी आपल्या आधीपासून ठाऊक! त्याच्या विषात सी-3ची नक्कल करणारं एक प्रथिन असतं. ते टोळीला इतकं पळवतं की तिचा साठाच संपतो.

स्वाइन फ्लूची 2009ची दहशत पुणेकर विसरलेले नाहीत. पुण्याच्याच राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राने 2017 मध्ये दाखवलं, की त्या विषाणूपासून उंदरांना वाचवायला कॉम्प्लिमेंट जागं करणारे दोन मार्ग मिळून लागतात. पण पुढच्याच वर्षी अमेरिकेतून उलटी बातमी: सार्स झालेल्या, सी-3 नसलेल्या उंदरांची फुप्फुसं कमी बिघडली. विषाणू मात्र तेवढाच! नासधूस बऱ्याच अंशी रखवालदाराचीच होती.

कोविडमध्ये मग डॉक्टरांनी टोळीलाच वेसण घालून पाहिली. अख्ख्या सी-5ला अडवणाऱ्या रॅव्ह्युलिझुमॅबची चाचणी फायदा दिसेना म्हणून 2021 मध्ये थांबली. विलोबेलिमॅब हे जर्मन औषध फक्त सी-5एचं तोंड दाबतं. भोक पाडणारे हात मोकळेच. व्हेंटिलेटरवरच्या 368 रुग्णांत 28 दिवसांतले मृत्यू औषधाच्या गटात सुमारे 32 टक्के, दुसऱ्या गटात 42. आकडेमोडीच्या एका पद्धतीत हा फरक ठाम ठरला नाही, हेही सांगायला हवं. तरी एप्रिल 2023 मध्ये अमेरिकेने आणीबाणीच्या वापराला परवानगी दिली. अट कडक: व्हेंटिलेटर लागल्यापासून 48 तासांच्या आत पहिला डोस.