जयंतीच्या गर्दीत स्वमग्न मूल

१४ एप्रिलची मिरवणूक वस्तीत शिरते आणि एखाद्या घरातलं पोर कान दाबून पलंगाखाली जाऊन बसतं. कुणी म्हणतं आईनं लाडावलंय, आणि 'बाहेरचं काही असेल' म्हणणारेही आपल्यात अजून आहेत. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांत तरी हे बोलणं बंद व्हावं. ते मूल स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेलं, असू शकतं. या मुलांच्या मेंदूची घडणच वेगळी असते. आपल्याला जो ठेका नाचवतो, तो त्यांतल्या पुष्कळांना अक्षरशः दुखतो.

म्हणून त्याला घरात कोंडून ठेवायचं? आम्हाला ते मान्य नाही. बाबासाहेबांची जयंती त्याचीही आहे. आठ दिवस आधीपासून मोबाइलमधले गेल्या वर्षीचे फोटो दाखवा, आधी काय होणार, मग काय, ते रोज सांगा. नवा पांढरा शर्ट टोचत असेल तर जुना मऊ घाला. पुतळ्याला हार घालायला सकाळी, गर्दीच्या आधी न्या. आवाज अडवणारे हेडफोन मिळाले तर उत्तम, नाहीतर कानांवरून मफलर बांधा. खिशात फोन नंबरची चिठ्ठी हवीच. काही मुलं नकळत निघून जातात आणि हाकेला ओ देत नाहीत. पाहुण्यांनी गाल ओढून 'जयभीम म्हण' असा हट्ट धरू नये.

आरडाओरड सुरू झालीच तर मारू नका, भोवती गर्दी करू नका. शांत जागी न्या, कमी बोला, थांबा.

मंडळाच्या पोरांकडे आमचं मागणं आहे. अशा घराला मिरवणुकीची वेळ आदल्या दिवशी कळवा आणि त्या दारासमोर डीजेचा आवाज उतरवून गाडी पुढे काढा. ध्वनिक्षेपकाला काही दिवस रात्री १० नंतरही सूट मिळते. त्या मुलाच्या कानाला ती मिळत नाही.

विहार मात्र या मुलांना सोयीचा पडू शकतो. त्रिशरण-पंचशील दर वेळी त्याच क्रमानं होतं, आणि ठरलेला क्रम त्यांना मानवतो. बुद्धपौर्णिमेला वंदना चालू असताना मूल हात फडफडवेल, येरझाऱ्या घालेल, घालू द्या. दाराजवळची जागा त्याच्या आईसाठी राखा. खीर नको म्हणालं तर घरचा डबा खाऊ द्या.

अजून तपासणी झाली नसेल तर आशाताईंना विचारून जिल्हा रुग्णालयात न्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे, त्यामुळे दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. जाताना मुलाचं आधार कार्ड आणि फोटो सोबत ठेवा.