पेशींचे जेवण आणि आपले औषध

औषधाच्या कारखान्यातही एक स्वयंपाकघर असते, हे आपणांस ठाऊक आहे का? आपल्या सिंगापूरच्या पश्चिम टोकाला, तुआस येथे रोश, लोन्झा, नोव्हार्टिस, ॲमजेन या कंपन्यांचे जैव औषधांचे कारखाने आहेत. मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. पण कुतूहलापोटी या विषयाची थोडी माहिती जमवली, ती वाचकांपुढे ठेवीत आहे.

स्तनाच्या कर्करोगावरील ट्रॅस्टुझुमॅब किंवा संधिवातावरील ॲडॅलिमुमॅब ही औषधे जिवंत पेशींकडून तयार करून घेतात. या पेशींचा मूळ वाण १९५७ साली चिनी हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या अंडाशयातून मिळवला गेला. त्यांना ग्लुकोज, अमिनो आम्ले, जीवनसत्त्वे, क्षार असे अनेक घटक असलेले पोषकद्रव लागते.

ते करताना प्रत्येक घटकाची आधी ओळख पटवतात, मग वजन करतात. पाणी अतिशुद्ध हवे. आम्लता आणि विरघळलेल्या पदार्थांची एकूण तीव्रता मोजतात. मग ०.२ किंवा ०.१ मायक्रॉनच्या गाळणीतून द्रव गाळतात आणि गाळणी फाटली नाही ना, हेही तपासतात. जंतू वाढतात का, हे पाहण्यासाठी नमुना १४ दिवस ठेवतात. शिवाय थोड्या पेशी त्यात वाढवून पाहतात.

एवढे सारे कशासाठी? जून २००९ मध्ये बॉस्टनमधील ऑलस्टन येथील जेन्झाइम कंपनीच्या कारखान्यात पेशींना व्हेसिव्हायरस २११७ या विषाणूची लागण झाल्याचे आढळले. तो बहुधा पोषकद्रवातील एखाद्या घटकातून आला असावा, असा कंपनीचा अंदाज होता. असे विषाणू वरील गाळणीच्या छिद्रांहून लहान असतात आणि नेहमीच्या चाचण्यांत हा सापडत नव्हता. आडात जे असेल तेच पोहऱ्यात येणार! कारखाना बंद ठेवून निर्जंतुक करावा लागला. गोशे व फॅब्री या दुर्मिळ आजारांच्या रुग्णांना औषध अपुरे पडले. अनेकांचे डोस कमी करावे लागले. उत्पादनातील त्रुटींबद्दल २०१० मध्ये अमेरिकी सरकारशी झालेल्या समझोत्यात कंपनीला १७.५ कोटी डॉलर भरावे लागले. पुढे काही कारखाने पोषकद्रव अल्पकाळ उच्च तापमानाला तापवू लागले, तर काही विषाणू अडवणारी अधिक बारीक गाळणी वापरू लागले.

यातून आपण काय घ्यावे? घरात कोणाला अशी इंजेक्शने चालू असल्यास ती सूचनेप्रमाणे, सहसा २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावीत. बर्फाच्या कप्प्यात मुळीच नकोत. खोक्यावरील बॅच क्रमांक लिहून ठेवावा. त्रास झाल्यास डॉक्टरांना तो क्रमांकही सांगावा, म्हणजे मूळ कारखान्यापर्यंत शोध घेता येतो. औषध कमी पडले तर डोस मनाने लांबवू नये.

आणि औषध कंपनीचे शेअर घेणाऱ्यांनी नफ्याच्या आकड्यांबरोबर आणखी दोन गोष्टी पाहाव्यात : मुख्य औषध एकाच कारखान्यात बनते का, आणि त्या कारखान्याला नियामकांनी ताकीद दिली आहे का. अमेरिकेच्या औषध प्रशासनाची ताकीदपत्रे कोणालाही वाचता येतात.