रिकामी जागा कुठे तासात, कुठे वर्षात!

मजुराची जागा सकाळी नाक्यावरच भरते. भिवंडीच्या यंत्रमाग कारखान्यात कारागीर गावी गेला की मुकादम ओळखीचा माणूस उभा करतो, कारण बंद माग मालकाला परवडत नाही. नेमणूकपत्राचे नाव मात्र कुणी काढत नाही!

शिक्षकांचे पाहा. पवित्र पोर्टलसाठीची अभियोग्यता चाचणी डिसेंबर २०१७ मध्ये झाली, निवड यादी लागली ऑगस्ट २०१९ मध्ये. वीस महिने डी.एड. झालेल्या मुलाने घर कशावर चालवायचे?

१९५९ च्या कायद्याने पंचवीस वा अधिक कामगारांच्या खाजगी आस्थापनांना रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयाला कळविणे बंधनकारक केले होते. तिथलाच उमेदवार घेण्याची सक्ती नव्हती. साहजिकच, नाव नोंदवून बसलेल्यांच्या हाती कार्डच राहिले.