ट्रॅक्टरचा झिजलेला चावी-स्विच

बिलोलीच्या काळ्या रानांतील वापसा एकदां गेला म्हणजे पेरणी लांबते. अशा वेळीं चावी फिरवूनहि ट्रॅक्टर चालू न झाल्यास प्रथम बॅटरी व तिच्या तारांचे जोड तपासावे. ते ठीक असून चावी हलवितांच दिवे मिणमिणत असतील, तर स्विचांतील धातूच्या पट्ट्या झिजल्या असें समजावें.

गिअर न्यूट्रलमध्यें ठेवून बॅटरीच्या ऋण टोकाची तार आधीं सोडावी. नाहींतर ठिणगी पडून तारा जळण्याचें भय असतें. स्विचच्या कोणत्या खुणेवर कोणत्या रंगाची तार आहे, तें कागदावर टिपावें. सातबाऱ्याच्या नोंदीप्रमाणें हीहि नोंद चुकतां कामा नये. नंतर दर्शनी नट सोडून त्याच खुणांचा नवा स्विच बसवावा व ऋण तार शेवटीं जोडावी.