वासोट्याचा नकाशा वाचताना

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या 1:50,000 प्रमाणाच्या स्थलदर्शक नकाशांपैकी 47 जी/10 या पत्रकात वासोटा किल्ल्याचा डोंगर, भोवतीचे कोयनेचे दाट रान आणि कोकणात कोसळणारे कडे येतात.

पहिला गोंधळ रंगाचा. शाळेच्या ॲटलासमध्ये हिरवा रंग सखल प्रदेश दाखवतो, इथे मात्र तो झाडी दाखवतो. त्यामुळे हजार मीटर उंचीचा माथाही हिरवा दिसतो. उंची सांगतात त्या तपकिरी समोच्च रेषा. त्या दाटीने आल्या म्हणजे जागा उंच आहे, असे अनेकांना वाटते. दाटी फक्त चढाची तीव्रता सांगते. उंचावरच्या सपाट सड्यावर रेषा विरळच असतात. सोंड आणि घळ यांतला फरक ओळखणे अधिक महत्त्वाचे, कारण दोन्हींच्या रेषा सारख्याच वळतात. वळणाचे टोक चढत्या आकड्यांकडे असेल तर घळ, उतरत्या आकड्यांकडे असेल तर सोंड. रानात दहा पावलांपलीकडचे दिसत नसताना हीच खूण उपयोगी पडते.

दोन रेषांमध्ये साधारणपणे 20 मीटर उंचीचे अंतर असते. म्हणजे पंधरा मीटरचा उभा कातळ दोन रेषांच्या मधे पूर्ण लपू शकतो. ‘नकाशात कडा नाही म्हणून वाट आहे’ हा तर्क सह्याद्रीत जिवावर बेततो. अंतराचेही तसेच. दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर खरा, पण तो आडवा मोजलेला. चढउतार आणि वळणे त्यात नाहीत. वासोट्याची 1,171 मीटर उंची समुद्रसपाटीपासूनची आहे. कोयना जलाशयाच्या काठावरून प्रत्यक्ष चढण सुमारे 500 मीटरची.

काळ्या रेषेचा ओढा कोरडा मानला जातो. पण तो फक्त सर्वेक्षणाच्या हंगामात कोरडा असतो. आषाढात तोच ओलांडता येत नाही.

नकाशा सर्वेक्षणाच्या वर्षाचे चित्र असतो. 1960 च्या दशकात कोयना धरणाचे पाणी साठले, पुढे कोयना अभयारण्यातली काही गावेही उठली. जुन्या पत्रकावरच्या त्या गावांच्या पायवाटा आज पाण्याखाली किंवा कारवीत गेल्या आहेत. पत्रकाच्या समासातले वर्ष म्हणूनच आधी पाहावे.

हे नकाशे सामान्यांना मिळत नाहीत, हा समजही जुना झाला. 2005 च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षणाची आणि खुली अशा दोन मालिका केल्या. खुल्या मालिकेचे क्रमांक वेगळे असल्याने 47 जी/10 तिथे त्या क्रमांकाने सापडत नाही.