शेळ्यामेंढ्यांसाठी घासणीचा खांब

अंगास खाज सुटली की शेळ्यामेंढ्या कुंपणाला, भिंतीला वा कोवळ्या झाडांना अंग घासतात. त्यामुळे कुंपण वाकते, झाडांची साल निघते. यावर सोपा उपाय म्हणजे कुरणात जाड लाकडी खांब पक्का पुरणे. त्यावर बरगड्यांच्या व पाठीच्या उंचीवर ताठ केसांचे जुने ब्रश ठोकावेत. खिळ्याचे टोक बाहेर राहू देऊ नये. जखमेवर माश्या अंडी घालतात व तीत अळ्या पडतात.

मात्र एखादे जनावर सतत अंग घासू लागले, केस वा लोकर गळू लागली, तर उवांची किंवा खरजेची शंका घ्यावी. मेंढ्यांच्या खरजेचे सूक्ष्म किडे खांबावर सुमारे २ आठवडे जगू शकतात व इतर मेंढ्यांस लागतात. असे जनावर त्वरित वेगळे करून पशुवैद्यकास दाखवावे. उपचार संपल्यावर ब्रश बदलून मगच खांब कळपास मोकळा करावा.